खांबाभोवतीचा वळसा

आजही घराबाहेर पडताना मी गॅसचं बटण बघते, कुलूप लावते, जिना उतरते आणि परत वर येऊन गॅसचं बटण बघते. सून गालातल्या गालात हसते, नातू तर माझी नक्कल करून दाखवतो. हसा म्हणावं खुशाल. ज्या घरात मी वाढले तिथे भीती मीठमिरचीसारखी रोजच्या वापरातली होती, आणि ती काही उगाच नव्हती. खाली पॉवरलूमची शेड, वर आम्ही. शेडच्या अर्ध्या भागावर लाकडी फळ्या टाकून माळा केलेला, माळ्यावर पत्रा, आणि फळ्या नि पत्रा यांच्यामध्ये आमचं बिऱ्हाड. दादा म्हणजे माझे वडील. ते त्याच शेडमध्ये जॉबर होते. माग बिघडला की तो उघडायचा, नीट करायचा, पुन्हा जुळवून चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. शेठने माळा राहायला दिला तो काही मायेपोटी नाही, जॉबर रात्री-अपरात्री हाताशी असावा म्हणून.

भिवंडीत राहिलेल्याला मागाचा आवाज सांगायला नको, आणि न राहिलेल्याला सांगून कळायचा नाही. आमच्या फळ्या दिवसरात्र थरथरायच्या. पाण्याच्या हंड्यात सतत बारीक लहरी. एकमेकांशी बोलायचं ते ओठ बघून, त्यामुळे आमच्या घरातली माणसं आजही बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि लोकांना वाटतं, ही काय भांडायला आली की काय. शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी इतकी शांतता पसरायची की आई भाकरी थापते त्याचा आवाज आला तरी दचकायला व्हायचं. आणि सगळीकडे तूस. सुताचा तो पांढरा, हलका तूस खालून वर यायचा नि कुठेही बसायचा. भाताच्या झाकणावर, पापण्यांवर, देवाच्या फोटोवर, फळ्यांच्या फटींत. सुकटीची चटणी वाटताना आई आधी पाटा झटकायची, मग स्वतःचा पदर झटकायची, तरी घासाला एखादा केस लागावा तसा तूस लागायचाच. आम्ही तो निमूट गिळायचो.

तूस म्हणजे उघड्यावर सांडलेलं रॉकेलच. मागच्या गल्लीतली एक शेड आईच्या डोळ्यांदेखत जळली होती. ठिणगी पडली कुठे, आग निघाली कुठे, मधल्या भिंतीवरचा तूस चरचरत पेटत गेला असं ती सांगायची. तेव्हापासून तिने चूल-स्टो माळ्यावर येऊ दिला नाही. मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला स्वयंपाक करायचा आणि शिडीने वर आणून वाढायचं. शिडीच्या वरच्या टोकाला एक वाळूची बादली, एक पाण्याची बादली, आणि त्या पाण्यात भिजत घातलेलं गोणपाट. ते वाळलं की ओरडा मला. शेडमध्ये कोणी बिडी काढली तर ती खाली उतरून त्याच्या तोंडातली बिडी काढून घ्यायची. एकदा शेठच्या तोंडातली काढली. त्यानंतर शेठ आत येण्याआधी बिडी बाहेरच विझवायचा.

दादांचा धाकटा भाऊ, गजाकाका, आमच्याकडेच राहायचा. खाली माग चालवायचा. दादा गप्प नि शिस्तीचे, हा बडबड्या. दादांना तोही दादाच म्हणायचा. दोघं भिवंडीजवळच्या राहनाळ गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. आज राहनाळला गेलात तर जिकडे तिकडे गोदामं आणि कंटेनर दिसतील, आमचं शेत कुठे होतं ते मलाही आता नक्की दाखवता यायचं नाही. पण तेव्हा भात लावायचा, भात कापायचा आणि उरलेलं वर्षभर भिवंडीत माग चालवायचा, असं पुष्कळ घरांचं चालायचं.

तर एके सकाळी दादांनी काकाच्या मागाचा पिकर बदलला. पिकर म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला एका बाजूने दुसरीकडे फटका मारणारा चामड्याचा ठोकळा. बसवून झाला, दादांनी हाताने माग फिरवून बघितला आणि म्हणाले, "हं गजा, चालू कर." काकाने चालू केला. धोटा जायचा तिकडे गेला नाही, उडाला, आणि त्याचं लोखंडी टोक काकाच्या डाव्या डोळ्यात बसलं. मी वर पुस्तक घेऊन बसले होते. मला एवढंच कळलं की एकेक करत सगळे माग थांबले. कामाच्या दिवशी शांतता झाली, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं.

डावा डोळा गेला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की एकाचं बघून कधीकधी दुसराही जातो. म्हणून उजव्यालाही पट्टी बांधून काकाला घरी पाठवलं. हलायचं नाही, वाकायचं नाही, शिडी उतरायची नाही. पट्टी सुटेल तेव्हा कळेल काय ते. काकाला खाटेवर निजवलं. आणि त्या दिवसापासून दादांचं बोलणं बंद झालं. रागाने नव्हे. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत बसायचे. शिफ्ट सुटली की खाडीच्या पुलावर जाऊन कठड्याला टेकून उभे राहायचे. कोणी विचारलं तर "हवा खातोय" म्हणायचे. पिकर नीट बसला होता, चामडंच कच्चं निघालं, असं शेठपासून सगळ्यांनी सांगून बघितलं. काकाने तर हजारदा सांगितलं. दादा ऐकून घ्यायचे.

"कुंदे," एकदा आईने मला मागच्या आडोशाला घेऊन सांगितलं, "बापावर ध्यान ठेव गो. माजं मन काय चांगलं सांगत न्हाय." एवढंच. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी माझं एकच काम. मी काहीतरी निमित्त काढून पुलाकडे जायची, लांब उभी राहायची, आणि दादा निघाले की त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून घरी यायची. त्यांनी मला कधी पाहिलं असेल का, ठाऊक नाही.

खेळण्यातली विजेची आगगाडी त्याच दिवसांतली. ती मूळची रफिकचाचांची. चाचा शेजारच्या शेडमध्ये माग चालवायचे. त्यांचा मेहुणा सौदीत होता, त्याने पोरासाठी आणलेली गाडी पोराने मोडून ठेवली होती. अपघाताच्या आधीच चाचांनी खोका काकाच्या हाती दिला होता: "ले गजा, मेरे यहाँ तो कबाड़ में जाएगी. तू इसमें जान डाल." काकाने इंजिन दुरुस्त केलं होतं, पण मांडायला जागा कुठली? गोल मांडायची तर माळ्याच्या मधोमध, आणि मग आम्ही निजायचं कुठे? तो खोका खाटेखाली पडून होता. पट्टी बांधून पडल्या पडल्या काकाला तो आठवला.

"मांडू या का गो, कुंदे? मला ऐकायचीय," तो म्हणाला. "पण इथून सुटलेली गाडी इथंच परत आली पायजे. नुसती जाणारी गाडी मला नको."

मी तेव्हा कॉलेजात सायन्सला होते, त्यामुळे घरात विजेतलं सगळं मला कळतं असा समज होता. मला कळत होतं ते पुस्तकातलं. पण दादांची काळजी करून करून डोकं फुटायची वेळ आली होती, हाताला काहीतरी चाळा हवा होता. आम्ही ठरवलं की भिंतीकडेने एकच लाइन टाकायची, बिछान्यांच्या वळकट्यांमागून. दोन्ही टोकांना एकेक वळसा करायचा. गाडी लाइनीवरून जाईल, वळशात शिरेल, फिरून त्याच लाइनीवर तोंड करून बाहेर येईल. एक वळसा काकाच्या खाटेखाली. दुसरा पलीकडे, जिथे पत्रा उतरता होता नि मला रांगत जावं लागायचं. तिथे नेमका माळ्याचा खांब मधे. काका म्हणाला, मग खांबालाच वळसा घालू.

जागा अशी मोजायला लागले की हसू यायचं. खिळा ठोकायचा, त्याला सूत बांधायचं, सुताच्या टोकाला खडू आणि फळीवर गोल काढायचा. खोक्यातल्या वाकड्या रुळांपेक्षा लहान गोल केला की इंजिन आडवं पडायचं, आणि तेवढा गोल केला की पत्र्याला टेकायचा. वीतभर जागा कमी. काका डोळे बांधलेला, मी जे मोजेन ते त्याला सांगायची आणि तो बोटांनी स्वतःच्या पोटावर नकाशा काढायचा. शेवटी त्यालाच सुचलं. "लाइन भिंतीला धरून सरळच पायजे असं कुणी सांगितलंय? तिरपी टाक." तिरपी टाकली, तर खांबाचा वळसा बसला. पण लहान झाला. आणि वळशात अख्खी गाडी मावायला हवी होती, त्याचं कारण सांगते. म्हणून दोन डबे काढून ठेवले. इंजिन आणि मागे दोनच डबे.

कारण असं. गाडीला करंट रुळांतूनच मिळतो, एका रुळातून जातो, दुसऱ्यातून परत येतो. सरळ लाइनीवर ते दोघं आपापल्या जागी सुखाने असतात. पण वळसा घालून लाइन स्वतःलाच येऊन मिळते, तेव्हा डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो. शॉर्ट. आम्हाला हे कळलं ते पहिल्यांदा जोडल्यावर चट्‌ करून निळी ठिणगी उडाली तेव्हा. मी प्लग उपटला आणि पाण्याच्या बादलीपाशी जाऊन बसले, बराच वेळ उठलेच नाही. काकाने ट्रान्सफॉर्मर केला होता तो ट्रकच्या बॅटरीच्या जुन्या चार्जरमधून, खेळण्याच्या मानाने राक्षसच तो. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार. भिवंडीत तेव्हा फ्यूज सारखा सारखा उडून माग थांबू नये म्हणून सगळे तसंच करायचे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

मी आईला सांगून गाडी बंदच करणार होते. पण काका म्हणाला, "थांब जरा. रूळ कापले तर?" आणि ते बरोबर होतं. वळशात शिरतानाचे आणि बाहेर पडतानाचे दोन्ही रूळ करवतीच्या पात्याने कापायचे. कागद जाईल एवढी चीर ठेवायची. वळसा एकटा पडला पाहिजे, त्याचा करंट वेगळा. गाडी सगळीच्या सगळी वळशात असताना मधल्या लाइनीचा करंट उलटा करायचा, म्हणजे ती बाहेर येते तेव्हा रूळ तिच्या बाजूने झालेले असतात. उलटा करायला मागाच्या मोटरचा भंगारातला स्विच मिळाला, वरखाली करायचा दांडा असलेला. तो खाटेपाशी ठेवला. काका कानांनी ऐकायचा. सरळ लाइनीवर गाडीचा आवाज किरकिर असा, खांबाजवळ फळी पोकळ होती म्हणून तिथे तो भरदार व्हायचा. आवाज भरला की काका दांडा फिरवायचा.

पहिल्यांदा गाडी खांबाला वळसा घालून परत आली, खाटेखाली शिरली, फिरली आणि पुन्हा निघाली, तेव्हा काका हसला. अपघातानंतर पहिल्यांदा. आईसुद्धा ताट हातात घेऊन शिडीवर थबकली. "जातंय कुठं नि येतंय कुठून, बया," म्हणाली, आणि लगेच, "ते पेटलं-बिटलं तर मी खाडीत टाकीन, सांगून ठेवते." दादा खालून वर बघत होते. मला त्यांचा चेहरा दिसला. नुसतं बघत होते, पण बघत होते हे काय कमी झालं?

गुरुवारी सकाळी मी जागी झाले तर दादा खांबापाशी उकिडवे बसलेले. पाठमोरे. रुळांवरून हात फिरवत होते, त्यांचे खांदे हलत होते, काहीतरी करत होते. माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू. मी तशीच आडोशाला जाऊन आईला सांगितलं, "दादा गाडीशी बसलेत." आईने भाकरीचा हात तसाच कपाळाला लावला, पीठ लागलं कपाळाला. त्या दिवशी संध्याकाळी ते पुलावर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. माग बंद, खाली चिटपाखरू नाही. दादा शेतावर बघून येतो म्हणून राहनाळला गेले, आई बाजारात. दुपारी काका म्हणाला, सोड गाडी. मी सोडली नि खाटेच्या पायथ्याशी बसून उशीचे अभ्रे शिवायला घेतले. किरकिर करत गाडी गेली, खांबाशी आवाज भरला, काकाने दांडा फिरवला. आणि गाडी थांबली. ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला.

"अडली वाटतं," काका म्हणाला. "बघ गो."

मी उठेपर्यंत वास आला. तो वास मी आजही ओळखीन, जळत्या सुताचा. खांबाच्या मागे फळीवर एक लाल ठिपका होता, आणि त्याच्याभोवती तूस काळा पडत चालला होता, कडेने बारीक केशरी रेघ, ती पसरत होती. आवाज न करता. मी आधी प्लग उपटला, एवढी अक्कल राहिली हे नशीब. मग गोणपाट ओढलं आणि रांगत गेले. पत्रा खाली, उभं राहता येईना, गोणपाटातलं पाणी माझ्याच अंगावर. मी ते दाबलं तर आग फटीतून खाली गेली. फळीच्या फटीतून पेटता तूस खाली गळायला लागला, आणि खाली मागावरचं, सुताने गच्च गुंडाळलेलं बीम.

"कुंदे, काय पेटलंय? तू उतर आधी," काका ओरडत होता. तो खाटेवरून उतरला होता, हात पुढे करून चाचपडत होता, आणि शिडीचं भोक त्याच्यापासून हातभर.

"तुम्ही हलू नका," मी म्हटलं. "भिंतीला पाठ लावा. हलू नका." माझा आवाज कोणा दुसऱ्याचाच वाटत होता. मी वाळूची बादली घेऊन शिडी कशी उतरले ते मला माहीत नाही. बीमवर दोन ठिकाणी तूस पडला होता, वरचं सूत धुमसत होतं. मी वाळू ओतली, हातांनी दाबली, बडवली. मग पाणी आणलं. मग पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. विझली होती. पण मला खात्रीच होईना, मी प्रत्येक फटीत बोट घालून बघत होते, आणि रडत होते. मला वाटत होतं, ही आता कुठेतरी आतल्या आत चालत असेल. काय सांगायचं, मला ते अजून वाटतं.

काका रांगत खांबापाशी पोचला होता. बोटांनी रूळ चाचपत होता. मी जवळ गेले तर त्याने माझा हात धरून एका जागी ठेवला. अजून गरम होतं. चिरेवर, दोन्ही कापलेल्या टोकांना बांधून, तांब्याची तार होती. चाकांना लागू नये म्हणून रुळाच्या खालच्या अंगाने घेतलेली, गाठ मारलेली, आणि गाठीची टोकं नखाने आत दाबून दिलेली. तांबं काळं पडलं होतं पण गाठ जशीच्या तशी.

"तू बांधलीस?"

"नाही."

काकाने गाठीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "दादा."

मला तोवर कळलं होतं. मागावर सूत तुटलं की जोडायचं. दिवसातून किती वेळा ते देवालाही मोजता यायचं नाही. डोळ्याला तुटलेलं दिसायच्या आत हाताने गाठ मारलेली असते, आणि दादांची गाठ तर कापडात शोधून सापडायची नाही. त्यांनी भावाच्या गाडीचा रूळ तुटलेला पाहिला आणि जोडला. कोणाला न सांगता. इतक्या दिवसांत गजासाठी काही करता आलं ते एवढंच, असं वाटून जोडला असेल. आणि काकाने दांडा फिरवला तेव्हा वळसा एकटा राहिला नव्हता, सगळा करंट त्या गाठीतून गेला.

मला आगीपेक्षा जास्त भीती आता वाटली. दादांना हे कळलं तर? डोळा आपल्या हाताने गेला असं ते धरून बसलेले. आता हेही. मला खाडीचा पूल दिसायला लागला.

काकाने दातांनी ती तार तोडून काढली, खिशात घातली. "माजी वायर ढिली राहिली, असं सांगायचं. समजलं?" म्हणाला. त्याच्या पट्टीला काजळी लागली होती. मी ती पुसली.

आधी आई आली, मग दादा. आईने सरळ पोतं घेतलं आणि रूळ उचकटून त्यात भरायला लागली. दादा खाली बीमजवळ उभे राहिले, मग वर आले, काळी फळी बघितली.

"कशानं झाला?"

"माजी वायर ढिली राहिली, दादा."

दादांनी फळीवरची राख तळहाताने पुसली. मग त्यांनी आईच्या हातातलं पोतं घेतलं. "राहू दे," म्हणाले. "मी मांडून देतो. त्याला ऐकू दे." आई त्यांच्याकडे बघतच राहिली, कारण इतकं ते कित्येक दिवसांत एका वेळी बोलले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी दादांनी सगळ्या फटी झाडल्या, लाइनीखाली पत्रा ठोकला आणि चार्जरमधली जाड तार काढून बारीक फ्यूज घातला. खडूची खूण अजून होती, त्यावर मी एकेक रूळ ठेवत गेले. खांबापाशी दादा बसले होते. रूळ साफ करता करता त्यांचं नख चिरेत अडकलं. "इथं तुटलंय," ते म्हणाले, आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांच्या खिशात कायम तारेचा तुकडा असायचा. तो त्यांनी काढला आणि हात तसाच राहिला.

"गजा, ही मी जोडली व्हती."

माझ्या हातातला रूळ खाली पडला. काका खाटेवर, डोळ्यांना पट्टी, तोंड छपराकडे.

"हो? सुटली आसंल मंग."

"माजी गाठ सुटत न्हाय."

"मंग आगीत कुठंतरी पडली. मला काय दिसतंय दादा, मी आंधळा माणूस," काका हसून म्हणाला. मग सहज बोलल्यासारखं, "ती चीर तशीच लागते. मुद्दाम कापलीय. जोडली का गाडी अडते."

"नुसती अडते?"

"नुसती अडते."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला असेल देव जाणे. मी रूळ उचलला आणि पुसत बसले. दादा काळ्या फळीकडे बघत होते. तारेचा तुकडा त्यांनी परत खिशात ठेवला. खाली उतरले. मी शिडीपाशी जाऊन बघितलं, ते दारातून बाहेर पडत होते, आणि मी चप्पल न घालता त्यांच्या मागे गेले. ते पुलावर गेले नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून कोरा खडू घेऊन परत आले. वर येऊन मला म्हणाले, "चिरा कुठं कुठं हायत त्या सगळ्या दाखव." मी दाखवल्या, आणि त्यांनी प्रत्येकीपाशी फळीवर फुली मारली. त्या रात्री ते पोटभर जेवले. सुकटीची चटणी दोनदा मागून घेतली.

काकाचा उजवा डोळा वाचला. पट्टी सुटली तेव्हा त्याने पहिली गाडी बघितली, मग आम्हाला. तो पुढे वडप्याला एका गोदामात कामाला लागला, लग्न केलं, पण ती गाडी त्याच्याबरोबर प्रत्येक घरी फिरली आणि खांब नसेल तिथे मधे एक पत्र्याचा डबा ठेवून तो वळसा मांडायचा. दादा गेले त्यानंतर काका एकदा मला म्हणाला, "एक बरं झालं, कुंदे. दादाला शेवटपर्यंत कळलं न्हाय." मी हो म्हटलं.

मी त्याला काय सांगणार होते? त्या शुक्रवारनंतर दादा गाडी बघायला यायचे, अगदी म्हातारपणीसुद्धा यायचे, आणि काकाच्या डाव्या बाजूला उभे राहायचे, जिकडचं काकाला दिसत नव्हतं. गाडी खांबाकडे निघाली की दादा दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवायचे, आणि ती वळसा घालून परत येईपर्यंत सोडायचे नाहीत.